एका शून्यास अनावृत पत्र

प्रति,
माननीय शून्य,
मुक्काम ४९-०, कारकीर्द रॉकी मार्सियानो.

विषय : जगज्जेत्याच्या कीर्तीत सदर शून्याचा वाटा किती, याची तपासणी.

रॉकी मार्सियानो १९५२ ते १९५६ या काळात मुष्टियुद्धाचा हेवीवेट जगज्जेता होता. मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन या गावच्या बूट कामगाराचा हा मुलगा. लढती ४९, विजय ४९, त्यांपैकी ४३ नॉकआउटने, पराभव शून्य. हे विजय मिळवताना मार्सियानोचे नाक फाटले, भुवया फुटल्या. सदर शून्याला खरचटलेदेखील नाही. तरीही मार्सियानो सर्वश्रेष्ठ होता का, हा वाद निघाला की पहिला पुरावा म्हणून शून्यच पुढे येते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आक्षेपकांचे म्हणणे प्रथम वयाबद्दल आहे. ऑक्टोबर १९५१ मध्ये मार्सियानोने माजी जगज्जेत्या जो लुईसला आठव्या फेरीत संपवले, तेव्हा लुईस ३७ वर्षांचा होता आणि करांच्या थकबाकीपायी निवृत्तीतून परतला होता. ज्याच्याकडून विजेतेपद घेतले तो जर्सी जो वॉलकॉट ३८ चा. शेवटचा आव्हानवीर आर्ची मूर याचा जन्म १९१३ चा की १९१६ चा, हेच ठरलेले नाही. पण दोन्ही हिशेबांनी तो तरुण ठरत नाही. डॉन कॉकेल आणि एझर्ड चार्ल्स हे इतर आव्हानवीर तर मुळात खालच्या वजनगटातून वर आलेले.

दुसरा आक्षेप थेट शून्याच्या जन्मदाखल्यावर आहे. मार्च १९५० मध्ये न्यूयॉर्कला रोलंड ला स्टार्झाविरुद्धच्या लढतीत एका पंचाने मार्सियानोला कौल दिला, दुसऱ्याने ला स्टार्झाला, तिसऱ्याला फेऱ्या सारख्या वाटल्या. निकाल गुणांच्या पुरवणी मोजणीवर लागला. ती मोजणी उलटी पडती, तर आज हे पत्र कोणाच्या नावे धाडायचे हा प्रश्नच होता.

यावर बचाव असा की, समोर जे उभे होते त्यांच्याशीच लढावे लागते. क्यूबाचा निनो वाल्देस हा मार्सियानोच्या वाट्याला न आलेला दांडगा आव्हानवीर. त्याने १९५३ मध्ये चार्ल्सला हरवले होते. पण मे १९५५ मध्ये मूरने वाल्देसला हरवले आणि सप्टेंबरात मार्सियानोने मूरला नवव्या फेरीत लोळवले. त्या चार वर्षांत मार्सियानोपेक्षा सरस हेवीवेट दाखवून द्या म्हटले, तर आक्षेपकांची यादी कोरीच राहते.

खरा पुरावा मात्र दोन रात्रींचा आहे. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात वॉलकॉटने मार्सियानोला पहिल्याच फेरीत खाली पाडले. बाराव्या फेरीअखेर मार्सियानो तिन्ही पंचांच्या तक्त्यांवर मागे होता. तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एक आखूड ठोसा वॉलकॉटच्या जबड्यावर बसला आणि मोजणी संपली. दुसरी रात्र सप्टेंबर १९५४ ची. चार्ल्सच्या माऱ्याने मार्सियानोची नाकपुडी फाटली आणि रक्त थांबेना. पंच लढत थांबवणार हे दिसत असतानाच त्याने आठव्या फेरीत चार्ल्सला गारद केले. उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास, हातांचा पल्ला जेमतेम ६८ इंच, वजन सुमारे ८४ किलो. हा बेताचा ऐवज ओळखूनच प्रशिक्षक चार्ली गोल्डमन याने त्याला वाकून आत शिरायला आणि जवळून मारायला शिकवले. आजच्या नियमांनी हा माणूस हेवीवेटमध्ये नव्हे, क्रूझरवेटमध्ये मोडतो. सॉनी लिस्टन किंवा मुहम्मद अली या नंतरच्या जगज्जेत्यांपुढे काय झाले असते, याचे उत्तर १९६९ मध्ये संगणकाकडूनही मागण्यात आले. मार्सियानो आणि अली यांच्या खोट्या लढतीचे चित्रीकरण झाले, शेवट एकाहून अधिक टिपले गेले. अमेरिकेत दाखवलेल्या शेवटात मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. ते चित्रण दाखवले जाण्याआधीच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, तो विमान अपघातात मरण पावला होता. यंत्राच्या निकालाला पुरावा मानणारे अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये.

शून्याने इतरांवर केलेला अन्याय वेगळाच नोंदवावा लागेल. नंतरचा हेवीवेट जगज्जेता लॅरी होम्स ४८-० वर होता. २१ सप्टेंबर १९८५ रोजी, मूरच्या लढतीला बरोबर ३० वर्षे झाली त्या दिवशी, तो मायकेल स्पिंक्सकडून गुणांवर हरला. होम्सने विजेतेपद २० वेळा राखले होते, मार्सियानोने सहा वेळा. पण शून्य गेले आणि होम्सची गणना मागच्या बाकावर झाली. उलट अपराजित मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदरने २०१७ मध्ये आपला पन्नासावा विजय मिळवला तो कॉनर मॅकग्रेगरवर, जो व्यावसायिक मुष्टियुद्धाची पहिलीच लढत खेळत होता. शून्य इतक्या स्वस्तातही सांभाळता येते.

सबब आदेश असा की, मार्सियानो आपल्या काळाचा निर्विवाद श्रेष्ठ हेवीवेट होता आणि त्याची ती कीर्ती रास्त आहे. सर्वकाळच्या यादीत लुईस आणि अली त्याच्या वर राहतील. सदर शून्याने विक्रमपुस्तकातील आपली जागा खुशाल राखावी. साक्षीसाठी मात्र यापुढे हजर राहू नये. ती साक्ष वॉलकॉट आणि चार्ल्स यांनी दिलेली आहे.

कळावे.