शिट्ट्या कोण मोजणार?

स्पेनमध्ये घरकाम वाटून घेणं हे कायद्यात लिहिलेलं आहे. 2005 साली तिथल्या दिवाणी संहितेत दुरुस्ती झाली आणि घरची जबाबदारी नवराबायकोने वाटून घ्यावी, असं कलम आलं. नोंदणी विवाहात ते वाचूनही दाखवतात. तरी नवरे म्हणावे तसे हलले नसावेत. कारण 2023 साली तिथल्या समता मंत्रालयाने घरात कोण किती वेळ राबतं याची नोंद ठेवणारं ॲप काढायचं जाहीर केलं. यावर ‘नवराबायकोत कसला हिशेब?’ हा आक्षेप ठरलेलाच. पण दुधाचा, पेपरचा, सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवून कुणाचं प्रेम आटल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडच्या 2024च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 289 मिनिटं निघाली, पुरुषांची 88. तीही काम करणाऱ्या पुरुषांची. इकडची काडी तिकडे न करणारे त्यात धरलेलेच नाहीत.

खरा आक्षेप वेगळाच आहे: हे ॲप भरणार कोण? समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजर यांनी 2019 साली अमेरिकी जोडप्यांच्या अभ्यासातून घरकामामागच्या डोकेफोडीचे चार टप्पे मांडले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही ते बघणं. निर्णयाला दोघंही हजर असतात. पहिला आणि शेवटचा टप्पा बहुतेक बाईच्याच गळ्यात. म्हणजे भाजीवाल्यासमोरून व्हिडिओ कॉल लावून ‘अगं, ही मेथी की शेपू?’ विचारणाऱ्याच्या खात्यात वीस मिनिटं जमा; दही संपलंय, उद्या सासूबाईंचा उपास आहे, हे ध्यानात ठेवून यादी पाठवणारीच्या खात्यात भोपळा. कुकर लावल्याची नोंद होते, शिट्ट्या मोजल्याची होत नाही.

म्हणून ॲप मोडीत काढायचं कारण नाही; त्याला नुसते तास मोजायला न लावता आठवण करायला लावावं. गॅसचा नंबर लावणं, मुलाच्या लशीची तारीख, कामवाल्या मावशींची रजा हे सगळं नवऱ्याच्या फोनवर वाजू दे आणि नोंदीही त्यानेच भराव्यात. ‘पुरुषांच्या लक्षात राहत नाही हो’ हा बचाव टिकणारा नाही. आयपीएलचं वेळापत्रक आणि शेअरचे भाव त्याच डोक्यात सुखाने नांदतात. शिवाय फोन त्याचाच असल्यामुळे ‘अगं, बघ गं काय वाजतंय’ म्हणून सुटायची सोयही उरणार नाही.