पावणेनऊचा फेरा

व्हँकुव्हर, वॉशिंग्टन राज्य
रविवार, रात्री

ती. अण्णांस,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सगळं मिळून महिन्याला उरतं किती?" मी "बघून सांगते" म्हणाले आणि फोन आईकडे द्यायला सांगितला. फोन देता देता तुम्ही आईला जे म्हणालात ते मला इकडे स्पष्ट ऐकू आलं. अण्णा, काही उरत नाही म्हणून मी टाळलं नाही. उत्तर लांबलचक आहे आणि त्यात मध्येच एक नदी आहे, म्हणून पत्र.

आधी एक विनंती. बांद्याच्या बाजारात तुम्ही सांगता, लेक कॅनडात असते. आई सांगते, राष्ट्राध्यक्षांच्या गावात असते. दोन्ही चूक. कॅनडातलं व्हँकुव्हर इथून जवळजवळ पाचशे किलोमीटर उत्तरेला आणि राष्ट्राध्यक्षांचं वॉशिंग्टन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आमचं व्हँकुव्हर दोन लाखांच्या आतबाहेर वस्तीचं, वॉशिंग्टन राज्याच्या दक्षिण काठावरचं. समोर कोलंबिया नदी, पलीकडे पोर्टलंड, आणि ते ओरेगॉन राज्यात. म्हणजे आम्ही बांद्यातच राहतो म्हणा, आणि समोर गोव्यातली पत्रादेवी. आता तुमच्या डोळ्यांसमोर सगळं येईल.

ओरेगॉनात विक्रीकर नाही. शंभर डॉलरची वस्तू शंभरला. इकडे आमच्या गावात त्याच वस्तूवर पावणेनऊ टक्क्यांच्या थोडा वरच कर लागतो. उलट आमच्या राज्यात पगारावर राज्याचा कर नाही, तर ओरेगॉन पगारातून कापून घेतं. (केंद्राचा कर वेगळा, त्याला नदी दिसत नाही.) तेव्हा शहाण्याने काय करावं? अल्याड राहावं, अल्याडच कमवावं आणि पिशव्या घेऊन पल्याड जावं. असे शहाणे इथे पुष्कळ आहेत. नदी ओलांडली की पहिल्याच बेटावर, जँटझन बीचला, मोठमोठी दुकानं आहेत. शनिवारी तिथे उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेटा बघितल्या की वाटतं, दुकान ओरेगॉनचं आणि गिऱ्हाईक सगळं वॉशिंग्टनचं.

पण तुमच्या जावयांचं, नितीनचं, ऑफिस हिल्सबरोला. हिल्सबरो ओरेगॉनात. माणूस झोपतो कुठे याच्याशी ओरेगॉनला कर्तव्य नाही, राबतो कुठे ते बघतात. त्यांच्या मिळकतीच्या मोठ्या भागावर ८.७५ टक्के. पावणेनऊच की! म्हणजे तिकडे कमवताना पावणेनऊ, इकडे खर्च करताना पावणेनऊ. नितीनला हे तेव्हा कळलं जेव्हा घराचा करार सही करून झाला होता. हिल्सबरो-बीव्हरटनपेक्षा भाडं महिन्याला अडीचशे डॉलर कमी, एवढंच त्याने बघितलं होतं.

आता तो आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो. घरी बसून केलेल्या कामाच्या पगारावर ओरेगॉनचा कर लागत नाही. त्यासाठी फ्रिजवर कालनिर्णय लटकवलंय. घरून काम केलं की हिरवी खूण, पूल ओलांडला की लाल. जानेवारीत बर्फ पडून रस्ते बंद झाले तेव्हा सगळं शहर वैतागलं होतं आणि तुमचे जावई चार हिरव्या खुणा करून शिट्टी वाजवत होते.

महागाईचं म्हणाल तर ते शेजार कुठला त्यावर आहे. सिॲटलजवळ बेलव्ह्यूला राहणारी मालूमावशीची शीतल आमचं भाडं ऐकून म्हणते, "अगं, एवढ्यात आमच्याकडे गॅरेज मिळेल." बाजारहाटाला मात्र वॉशिंग्टनला नावं ठेवता येत नाहीत. डाळ, तांदूळ, भाजी, अंडी, दूध यांवर कर नाही. पण खाण्याची वस्तू दुकानदाराने गरम करून हातात दिली की कर लागला. कच्ची कोंबडी बिनकराची, तीच दुकानात भाजून गरम ठेवलेली असली की कर. आईला सांगा, हे सरकार तिच्याच मताचं आहे. घरी करून खा.

पेट्रोल पलीकडे स्वस्त. ते नितीन ऑफिसातून येताना भरून आणतो. ओरेगॉनात १९५१ पासून गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला बंदी होती, आपल्यासारखा पंपावरचा माणूसच भरायचा. २०२३ च्या ऑगस्टपासून मुभा मिळाली. नितीनला अजून माणूसच लागतो.

आणि बाटल्या! ओरेगॉनात शीतपेयाच्या, बियरच्या प्रत्येक बाटलीवर, डब्यावर दहा सेंट अनामत घेतात. रिकामी परत केली की पैसे परत. १९७१ चा कायदा आहे, अमेरिकेतला पहिला. आमच्या राज्यात ही भानगड नाही. त्यामुळे पलीकडून आणलेल्या बाटल्या पलीकडेच नेऊन द्याव्या लागतात. आमच्या गॅरेजमध्ये या घटकेला त्र्याऐंशी बाटल्या आहेत. आठ डॉलर तीस सेंटची ठेव, बिनव्याजी.

आता टीव्हीची गोष्ट. जुना बिघडला. नवा सहाशे डॉलरचा. नितीन म्हणाला, पलीकडून आणू, त्रेपन्न डॉलर वाचतील. शनिवारी दोन्ही पोरांना घेऊन गेलो. अर्ध्या तासात टीव्ही गाडीत. परतीला निघालो तर गाड्या जागच्या हलेनात. इथला पूल जुना, एक बाजू १९१७ ची आणि दुसरी १९५८ ची, आणि मोठं जहाज आलं की पुलाचा मधला भाग उचलतात. जहाज सावकाश गेलं. पूल खाली आला, पण तोवर मागे मैलभर रांग लागलेली, त्यात पुढे कोणाची तरी गाडी बंद पडली. समोर नदीपलीकडे आमचं गाव दिसतंय आणि आम्ही दीड तास बेटावर! पोरं भुकेने रडायला लागली. शेवटी गाडी वळवून हॉटेलात शिरलो. चौघांचं जेवण आणि बक्षिसी धरून एकाहत्तर डॉलर. नितीन म्हणाला, "पण बिलावर कर नाही बघ."

एवढ्यावर थांबतं तरी बरं होतं. रात्री टीव्ही भिंतीला लागला आणि तुमच्या सत्यवचनी जावयांनी कॉम्प्युटर उघडून कायदा वाचला. कर न भरता पलीकडून आणलेली वस्तू वॉशिंग्टनात वापरली तर तेवढाच कर आपण होऊन भरायचा असतो. गाडी आणली तर तो नोंदणीच्या वेळी सुटतच नाही. टीव्हीला कोण विचारणार? मी म्हटलं, "अरे, सगळा गाव आणतो." तो म्हणाला, "गावाचं मला सांगू नकोस." आणि फॉर्म भरून त्रेपन्न डॉलर सरकारजमा केले. सातारकर माणूस, पुढे काय बोलणार?

मी चिडले होते, पण झोपताना तुमची स्कूटर आठवली. २०१२ साली पर्रीकरांनी पेट्रोलवरचा कर उतरवला आणि गोव्यात लिटरमागे अकराएक रुपये कमी झाले, तेव्हा तुम्ही दर रविवारी मला मागे बसवून पत्रादेवीला जायचात. टाकीत पाच लिटर, वाचले पंचावन्न. मग तिथेच दोन प्लेट भजी, दोन चहा, आणि आईसाठी बांधून घेतलेली एक प्लेट. घरी आल्यावर तुम्ही वहीत फक्त पंचावन्न लिहायचात. भजी कुठल्या खात्यात टाकलीत ते मी आजवर विचारलेलं नाही.

तर अण्णा, उरतं. किती ते तुम्ही जूनमध्ये आलात की वही घेऊन बसू. जूनच म्हणतेय, कारण तेव्हा कोलंबियात शॅड नावाचा मासा लाखांनी चढतो. बंगाल्यांच्या हिलशाचा चुलतभाऊ, अंगभर काटे, म्हणून इथल्या लोकांना नकोसा. गळ टाकायचा परवाना काढला की दिवसाला किती धरावेत याला बंधन नाही, आणि त्यावर कर तर नाहीच. तुम्हाला काट्यांचं भय नाही. मसाला मी इथेच करते, कोकमं बीव्हरटनला मिळतात. येताना तेवढी तिरफळं आणा. ती नदीच्या दोन्ही काठांवर मिळत नाहीत.

सौ. आईस नमस्कार.

तुमची,
मंगल