उभ्याने शेक्सपिअर

नाट्यशास्त्राची मंडळी आठवडाभर लंडनला ‘अभ्यासाला’ जातात, म्हणजे सकाळी आवाजाची कार्यशाळा आणि दुपारपासून टॉवर ब्रिजवर सेल्फी. खरी परीक्षा शेक्सपिअरच्या ‘ग्लोब’ नाट्यगृहाच्या अंगणात. तिथलं स्वस्त तिकीट म्हणजे अख्खं नाटक उभ्याने. खाली बसायचं नाही, पावसात छत्रीही उघडायची नाही. इथे पहिल्या रांगेचा पास मिळाला नाही म्हणून रुसणारे तिथे रेनकोटात निथळत ‘काय अनुभव!’ म्हणतात. मूळ ग्लोब १६१३ मध्ये प्रयोगातल्या तोफेमुळे जळालं. १९९७ मध्ये उघडलेल्या नव्या ग्लोबवरही छप्पर गवताचंच, फक्त या खेपेला पाण्याचे फवारे बसवून! हे सगळं प्रबंधात सविस्तर येईल. मध्यंतरातच सटकून ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदीला पळालो, हे मात्र तळटीपेतही येणार नाही.