पाठीवरचा डामडौल

हौशी छायाचित्रकाराकडे बहुधा एक कॅमेरा आणि कंपनीने त्यासोबतच गळ्यात मारलेली १८-५५ मिमीची किट लेन्स एवढाच ऐवज असतो. तरीही स्वस्तातली बॅग निवडताना तो पाच लेन्सांचे कप्पे मोजतो आणि त्यांतील डिव्हायडर, म्हणजे वेल्क्रोने हलवता येणाऱ्या फोमच्या आडभिंती, वडिलोपार्जित जमिनीची वाटणी करावी अशा गांभीर्याने सरकवतो. फोमची जाडी, चेनची शिवण आणि रेनकव्हर, म्हणजे बॅगेवर चढवायची पावसाळी खोळ, एवढे पाहिले तरी पुरते. पण त्याची नजर न घेतलेल्या ट्रायपॉडच्या पट्ट्यांवर खिळते. दमट बॅगेत लेन्सला बुरशी लागते हे ऐकून असूनही ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी तो कचरा म्हणून प्रथम फेकतो, आणि सहलीत फोटो मोबाइलवरच काढतो, कारण सगळ्या चेनी उघडेपर्यंत सूर्य मावळलेला असतो.