फिनिक्समध्ये उन्हाळी भाजीबाग: काही शास्त्रशुद्ध सूचना

अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात मे ते सप्टेंबर भाजीबाग करावी का, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. करू नये म्हणणारे एसीत बसलेले असतात, तेव्हा त्यांचं म्हणणं विचारात घ्यावं. तरीही हौस फिटत नसेल तर पुढे वाचा.

आधी जमीन. कुदळ मारताच ठण्ण आवाज येईल. हुरळून जाऊ नये, गुप्तधन नव्हे. तो कॅलिची नावाचा चुनखडीचा टणक थर. तो टिकावाने फोडावा, किंवा त्याच्यावरच उंच वाफा बांधून कंपोस्ट भरावं. पहिल्या मार्गाने पुरुषार्थ सिद्ध होतो, दुसऱ्याने भाजी येते.

टोमॅटोचा हट्ट असेल तर रोपं फेब्रुवारी-मार्चमध्येच लावायला हवी होती. आता रात्रीही पारा चढलेला राहिला की परागकण निकामी होतात, फूल येतं आणि गळतं. 2023 च्या जुलैत इथे सलग 16 रात्री तापमान 32 अंश सेल्सिअसखाली उतरलं नाही. त्याच उन्हाळ्यात सलग 31 दिवस दुपारचा पारा 43 च्या पुढे होता. अशा वेळी झाडाला खत, ताक, स्तोत्र यांपैकी काहीही द्या, फरक पडत नाही. जगवलंत तर ऑक्टोबरच्या सुमारास ते पुन्हा फळ धरेल.

लावावी भेंडी. शिवाय गवार, चवळी, मायाळू, लाल माठ, म्हणजे पानात वाढल्यावर पोरं नाक मुरडतात ती सगळी मंडळी. भेंडी रोज तोडावी. दोन दिवस दुर्लक्ष केलंत तर ती वीतभर होऊन जून होते. मंडईत टोक मोडून बघायची सवय इथे मनसोक्त भागवा, ओरडायला भाजीवाली नाही. टोक कट्कन मोडलं नाही तर ती बियाण्याला ठेवावी.

पश्चिमेच्या बाजूने तीस ते पन्नास टक्के सावलीची जाळी हवीच. शेजारी "घरात लग्न आहे का?" असं विचारतील, मुहूर्त सांगून मोकळं व्हावं.

पाणी पहाटे घालावं. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हात पोळेल इतकं तापतं. ते वाफ्यात सोडलंत तर मुळं जागीच शिजतील आणि भाजी तोडण्याआधीच तयार होईल. म्हणून ते बादलीत घ्यावं, भांड्यांना उपयोगी पडतं.

कोथिंबिरीचा विषय मात्र काढू नका. ती ऑक्टोबरमध्ये पेरायची असते; तोवर दुकानातून आणा.