तिथीची पाऊणपट

साकीनाका मेट्रो स्टेशनवर सामान तपासणाऱ्या यंत्रात रविवारी सकाळी हल्ली एक जाडजूड नळी दिसते. शिपाई पडद्याकडे बघतो, मालकाकडे बघतो, पुन्हा पडद्याकडे. "लेन्स आहे," मालक सांगतो. किंमत सांगत नाही. ती घरीही सांगितलेली नसते.

६०० मिलिमीटर, एफ-४. कॅनन घ्या, निकॉन घ्या, सोनी घ्या, आकडा दहा लाखांच्या वर. तेच ६०० मिलिमीटर सिग्माच्या १५०-६०० किंवा सोनीच्या २००-६०० मध्ये लाख-दोन लाखांत मिळतात. मग वरचे आठ लाख कशाचे? उजेडाचे. ६०० ला ४ ने भागलं की १५० मिलिमीटर रुंद तोंड लागतं, स्वस्त लेन्सच्या ६.३ ने भागलं की ९५. क्षेत्रफळ काढा, उजेड अडीचपट. स्वस्त लेन्सवर आयएसओ ८००० करावा लागतो तिथे महागडीचं ३२०० वर भागतं. झुंजूमुंजू झालेलं असताना, दाट झाडीतल्या पक्ष्यासाठी हा फरक खरा आहे. नाही म्हणणारा खोटं बोलतो. पण अडीचपट मालाला निदान पाचपट दाम भाजीवालीने सांगितला असता, तर आपण तिच्याशी अर्धा तास भांडलो असतो.

बरं, हा उजेड विकत घेऊन मंडळी जातात कुठे? ठाण्याच्या खाडीकाठी भांडुप पंपिंगला, फ्लेमिंगो टिपायला. उघड्या खाडीवर, लख्ख उन्हात! तिथे उजेडाला काय तोटा? आडवी येते ती हवा. ऊन चढलं की चिखलावरून गरम हवा उठते आणि लांबचा पक्षी लिबलिबीत होतो. ६०० ची लेन्स पक्ष्याबरोबर ती थरथरही तितकीच मोठी करून दाखवते. या बाबतीत लाखाची आणि दहा लाखांची सख्ख्या बहिणी. मग रात्री कॉम्प्युटरवर शार्पनेस वाढवत बसायचं आणि खापर फोकसवर फोडायचं.

इलाज एकच, पक्षी जवळ हवा. ते काम ठाण्याची खाडी रोज फुकटात करते. भरती चढू लागली की चिखल बुडत जातो आणि फ्लेमिंगो चरत चरत काठाकडे सरकतात. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना त्यासाठी ॲप लागत नाही: तिथीची पाऊणपट. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ. नऊच्या सुमाराला पूर्ण भरती, खाडीच्या आत जरा उशिरा. तास-दोन तास आधी पोहोचा, ऊनही कोवळंच असतं. आमचे लेन्सवाले मात्र नाश्तापाणी उरकून ऐन ओहोटीला पोहोचतात, दूरवरच्या गुलाबी ठिपक्यांकडे बघतात आणि म्हणतात, "८०० च घ्यायला हवी होती."

खुद्द साकीनाक्यात अडचण उलटी. इथे घार येऊन बसते ती स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, एसीच्या डब्यावर. आणि या तोफांना चार मीटरच्या आतलं काही फोकसच करता येत नाही. वन बीएचकेत चार मीटर आणायचे कुठून? मालक तीन किलोंचं धूड पोटाशी धरून मागे मागे सरकत फ्रिजला टेकतो. तोवर सासूबाईंनी मोबाइलवर घारीचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकलेलासुद्धा असतो. डोळ्यासकट शार्प.