धुक्याचं पांघरूण

माघ सरत आला, की शहरातल्या माणसाला निसर्गाची उबळ येते. पंख्याचं बटण दाबायची वेळ येण्याआधी एखादा ट्रेक पदरात पाडून घ्यायचा असतो. त्याच हिशेबाने परवाच्या रविवारी आम्ही बेचाळीस जण पहाटे खांडसला उतरलो. बेत भीमाशंकरचा. शिडी घाटाने चढणार, असं आठवडाभर ऑफिसात सांगून झालं होतं. पायथ्याशी धुकं पाहिल्यावर सर्वानुमते गणेश घाट ठरला. लांबचा, पण सोपा. फोटोखालची ओळ मात्र शिडी घाटाचीच राहिली. धुक्यात शिडी कोणाला दिसते?

रात्रीची गार हवा दरीत उतरून बसते, तिथल्या ओलाव्याचं धुकं होतं आणि ऊन तापेपर्यंत ते हलत नाही. एवढं साधं शास्त्र आमच्यातल्या एका गृहस्थांना मंजूर नव्हतं. “बाराशे रुपये भरलेत. व्ह्यू कुठाय?” आयोजक पोरगा म्हणाला, “दहापर्यंत येईल, सर.” जणू एसटीच लेट होती.

जंगलात शांतता असते म्हणतात. ती मोडायला एकाने स्पीकर आणला होता. त्यात सगळ्यांना शेकरू बघायचं होतं. १९८५ साली इथे अभयारण्य झालं, ते मुख्यतः या राज्यप्राण्यासाठी. फांदीवरून फांदीवर झेपा घेत जगणारं हे जनावर जमिनीला पाय क्वचितच लावतं. का लावत नाही, ते आमचा गलका ऐकून समजलं.

“मामा, शेकरू कुठाय?” आम्ही वाटाड्याला विचारलं.

“घरट्यात. तुम्ही गेलात की येईल.”

तोवर बेचाळीस शेकरं आमच्या टी-शर्टांवर होतीच.

धुक्याने गवत ओलं वाटत होतं, म्हणून एकाने सिगारेटचं थोटूक बिनधास्त भिरकावलं. मामा वाकले, ते चपलेखाली चुरडून खिशात टाकलं आणि चालू लागले. दुपारपर्यंत हे गवत खडखडीत वाळतं आणि वणवा विझवायला गावालाच धावावं लागतं, हे सांगण्यात त्यांनी दम घालवला नाही.

दहाला व्ह्यू आला. समोर पदरगड, खाली कोकण आणि पायाशी गेल्या कित्येक रविवारांचा इतिहास: बाटल्या, कागदी प्लेटा, वेफर्सची पाकिटं. कारवीच्या वाळल्या काटक्यांना ती फुलांसारखी लगडली होती. कारवीला बहर यायला सात-आठ वर्षं लागतात. पाकिटांना एक सुट्टी पुरते.

गृहस्थांनी मोबाइल उजवीकडे फिरवला, डावीकडे फिरवला. कुठूनही पाकीट फोटोत येतच होतं. शेवटी ते आयोजकाला म्हणाले, “सकाळचं धुकंच बरं होतं हो.”

मामांनी काहीच म्हटलं नाही. पाठीवरचं गोणपाट उतरवून ते पाकिटं वेचायला लागले.